'वैयक्तिक माहिती' म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला आहे, पुढे काय करावे? (नागपूर)

नागनदीकाठी (धागा लेखिका)

नमस्कार मंडळी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. आमच्या तळमजल्यावर ते पाणी छातीपर्यंत चढले होते. त्यानंतर घराला दोनदा रंग दिला, पण बैठकीच्या भिंतीवरची पाण्याची मळकट रेघ आम्ही मुद्दाम ठेवली आहे. कोणी विचारले, की तिच्याकडे बोट दाखवता येते.

आमच्या लेआउटच्या मागून एक नाला वाहतो आणि पुढे नदीला मिळतो. त्याच्या एका भागावर स्लॅब आहे आणि स्लॅबला लागून अलीकडे एक इमारत उभी राहिली आहे. स्लॅब टाकण्याची परवानगी कोणी दिली, लेआउट मंजूर करताना नाल्याची रुंदी किती दाखवली होती आणि इमारतीने नाल्यापासून किती अंतर सोडायचे ठरले होते, हे मला पाहायचे होते. म्हणून मी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली एक अर्ज केला. दुसरा अर्ज पंचनाम्यांबद्दलचा होता. आमच्या गल्लीतल्या काही घरांना सानुग्रह अनुदान मिळाले, काहींना मिळाले नाही. ज्यांना मिळाले नाही, त्यांत तळमजल्यावरचे भाडेकरू अधिक आहेत, ज्यांची भांडी, धान्य, मुलांची पुस्तके सगळेच वाहून गेले होते. म्हणून मी गल्लीतील पंचनाम्यांची आणि मंजूर रकमांची यादी मागितली.

दोन्ही अर्ज फेटाळले गेले. कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला भांडण मांडायचे नसून मार्ग विचारायचा आहे. दोन्ही पत्रांत जवळजवळ एकच वाक्य आहे: माहिती त्रयस्थ व्यक्तींशी संबंधित व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, याचा पत्रात उल्लेखही नाही.

माझीही एक चूक झाली असावी, असे वाटते. दोन्ही अर्जांत मी 'संपूर्ण फाइलच्या छायांकित प्रती' असेच लिहिले होते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अभिलेखपाल

ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यातील एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

'संपूर्ण फाइल' असे शब्द अर्जात आले, की कारकुनाच्या मनात पहिली भीती येते ती हीच, की या फाइलमध्ये नेमके काय काय लावलेले आहे ते आपल्यालाच ठाऊक नाही. अनुदानाच्या एका प्रकरणात अर्ज, पंचनामा, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, शिधापत्रिका, घराची छायाचित्रे, भाडेकरू असेल तर घरमालकाचे संमतिपत्र आणि वर नोटशीट एवढे सगळे एकाच टॅगने बांधलेले असते. यातील पासबुकाचे पान चुकून बाहेर गेले, तर जबाबदारी त्याची. न दिल्याबद्दलचा दंड दूरचा असतो, दिल्याबद्दलचा जाब मात्र दुसऱ्याच दिवशी विचारला जातो. म्हणून तो फाइल बंद करतो आणि कलमाचा क्रमांक टाकून मोकळा होतो. हे योग्य आहे असे माझे म्हणणे नाही, पण असे घडते.

यावर उपाय कायद्यातच दिलेला आहे. कलम १० सांगते, की दस्तऐवजातील जो भाग न देण्याजोगा आहे तो वेगळा काढावा आणि उरलेला द्यावा. आमच्या कक्षात आम्ही ते असे करत असू: मूळ कागदाची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सवर आधार क्रमांक आणि खाते क्रमांक काळ्या मार्करने झाकायचे आणि त्या झाकलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढून ती अर्जदाराला द्यायची. दुसरी झेरॉक्स आवश्यकच असते, कारण पहिले पान उजेडासमोर धरले, तर मार्करखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. हे मला एका अर्जदारानेच दाखवून दिले होते आणि त्या दिवसापासून आम्ही कधीही पहिली प्रत बाहेर जाऊ दिली नाही.

आपण हे काम अर्जातच सोपे करून द्या. 'आधार क्रमांक, खाते क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक व स्वाक्षऱ्या वगळून' असे स्वतःहून लिहा. तसे लिहिलेला अर्ज हातात आला, की नकाराचे कारण शोधणाऱ्याचे निम्मे काम कमी झालेले असते.

महालकर

मी वकिली करतो आणि या कायद्याची प्रकरणे चालवतो. अभिलेखपालांनी सांगितले ते व्यवहाराचे झाले, त्यात कायद्याची बाजू जोडतो. थोडे लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी हे समजून घ्या, की कलम ८(१)(ञ) आता पूर्वीचे राहिलेले नाही. मूळ कलमाप्रमाणे, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी काही संबंध नाही, किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात अनाठायी ढवळाढवळ होईल, तीच नाकारता येत होती आणि व्यापक जनहित असेल, तर तीही देता येत होती. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक (कलमाला जोडलेली अट) होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून त्या जागी एवढेच ठेवले, की वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. हा बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच कायद्यातील नागरिकाच्या माहितीचे प्रत्यक्ष संरक्षण करणाऱ्या बहुतेक तरतुदींना मात्र अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे माहिती नाकारण्याचे हत्यार आधी हाती आले आणि माहिती जपण्याचे कर्तव्य मागून येणार आहे. हा क्रम मला मनापासून चुकीचा वाटतो.

तरीही सगळी दारे बंद झालेली नाहीत. कलम ८(२) जसेच्या तसे आहे: माहिती उघड करण्यातील जनहित हे जपायच्या हितापेक्षा भारी असेल, तर अपवादात बसणारी माहितीसुद्धा सार्वजनिक प्राधिकरण देऊ शकते. तेव्हा जनहित कोणते, हे आता अर्जदाराने स्वतः मांडावे. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगण्याची सक्ती नाही हे खरे, पण येथे कारण सांगण्यात आपलेच भले आहे. ज्या नाल्याचे पाणी घरात शिरले, त्या नाल्यावरच्या परवानगीचा प्रश्न आहे, असे एक वाक्य पुरे.

दुसरे दार कलम ८(३) चे आहे आणि फार थोडे लोक ते वापरतात. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून आधी घडलेल्या बाबीची माहिती मागितली, तर कलम ८(१) मधील तीनच अपवाद शिल्लक राहतात: राष्ट्राची सुरक्षितता, संसद-विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे. वैयक्तिक माहितीचा अपवाद त्यांत नाही. ताई, तुमच्या लेआउटची मंजुरी कोणत्या वर्षाची आहे? ती वीस वर्षांपूर्वीची असेल, तर तो नकाशा ८(१)(ञ) दाखवून अडवता येणार नाही.

तिसरे म्हणजे कलम ४(१)(ख). कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी तेथे दिल्या आहेत. त्यांतील बारावी बाब अनुदानाच्या कार्यक्रमांची, त्यांच्या रकमांची आणि लाभार्थ्यांच्या तपशिलाची आहे, तर तेरावी सवलती, परवाने आणि अधिकारपत्रे ज्यांना दिली त्यांच्या तपशिलाची. तुमचा पहिला अर्ज परवान्याचा आणि दुसरा अनुदानाचा आहे. पूरमदत ही बारावी बाब नव्हे, असा युक्तिवाद समोरून होऊ शकतो, तेव्हा कार्यालयाच्याच कागदांवर 'सानुग्रह अनुदान' हा शब्द छापलेला असल्याचे दाखवावे. नव्या कायद्याने कलम ४ ला हात लावलेला नाही. उलट, कायद्याने जी माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे, ती त्या नव्या कायद्याच्या कलम ३ नुसार त्याच्या कक्षेबाहेरच ठेवली आहे.

आता 'त्रयस्थ व्यक्ती' या शब्दाबद्दल. कलम ११ म्हणते, की त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती द्यायचा विचार असेल, तर पाच दिवसांत त्याला नोटीस द्यावी, त्याने दहा दिवसांत म्हणणे मांडावे आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांत निर्णय व्हावा. त्रयस्थाचे म्हणणे ऐकायचे असते, त्याची परवानगी घ्यायची नसते. तुमच्या प्रकरणात नोटीस दिली होती का, हे अपिलात जरूर विचारा.

अपील कोणाकडे, किती दिवसांत, हे नकाराच्या पत्रातच कळवणे कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. ते नसणे हाच अपिलाचा पहिला मुद्दा करा. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत जोडपत्र 'ब' (प्रथम अपिलाचा ठरलेला नमुना) मध्ये, २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून प्रथम अपील करा. तेथे न्याय मिळाला नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकला आहे, तुमच्यावर नाही.

एक नागपुरी सूचना. आपल्याकडे बांधकामाचे आणि लेआउटचे कागद सगळे एका छपराखाली नसतात. काही मनपाकडे, काही नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), आखिव पत्रिका (शहरातील मिळकतीचा उतारा) नगर भूमापन कार्यालयात. अर्जात मौजा आणि खसरा क्रमांक जरूर लिहा, म्हणजे 'अभिलेख आढळून येत नाही' या उत्तराला जागा राहत नाही. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्यांचेच काम आहे.

तिसरा_पक्ष

वर सगळे माहिती मिळवण्याच्या बाजूने बोलत आहेत. मी दुसरी बाजू सांगतो, कारण ती माझ्यावर गुदरली आहे.

आमच्या भागातील एका अतिक्रमणाची लेखी तक्रार मी केली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्यानेच माहिती अधिकारात त्या तक्रारीची प्रत मागितली आणि त्याला ती माझे नाव, घर क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक आणि स्वाक्षरीसह जशीच्या तशी मिळाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. पलीकडच्या माणसाने धमकी दिली नाही. त्याने फक्त माझ्या मुलीच्या शिकवणी वर्गाची वेळ सांगितली आणि फोन ठेवला. दोन महिने मी तिला स्वतः नेऊन सोडत होतो.

ज्या कार्यालयाने माझा क्रमांक दिला, त्याच कार्यालयाने पुढे मला अतिक्रमणावरील कारवाईची माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारली. माझा अनुभव असा आहे, की जेथे झाकायला हवे तेथे झाकले गेले नाही आणि जेथे उघडायला हवे तेथे कुलूप लागले.

महालकर

आपल्यावर झाले ते फार वाईट झाले. ज्याची ओळख उघड केल्याने जिवाला धोका होईल किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणारा ओळखला जाईल, ती माहिती रोखण्यासाठी कलम ८(१)(छ) हा स्वतंत्र अपवाद आहे आणि तो येथे लागू करायलाच हवा होता. तक्रारीचा मजकूर देता आला असता, तक्रारदार झाकायला हवा होता. यापुढे तक्रार करताना 'माझी ओळख गोपनीय ठेवावी' असे पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे कलम ११ प्रमाणे तुम्हाला नोटीस देण्याचा प्रश्नही उभा राहतो. आणि ज्यांना स्वतःच्या नावाने माहितीचा अर्ज करतानाही धास्ती वाटते, त्यांच्यासाठी: कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे, की टपाल पेटीचा क्रमांक पत्त्यादाखल पुरेसा असेल, तर अर्जदाराकडे सविस्तर पत्त्याचा आग्रह धरू नये.

नंदनवन

मला एक शंका आहे आणि ती मी गंभीरपणे विचारतो आहे. शेजारच्या इमारतीचा मंजूर नकाशा मागणे म्हणजे कोणाची झोपण्याची खोली कोठे आहे, मागचे दार कोठे उघडते, हे मागणे नव्हे काय? माझ्या घराचा नकाशा असा कोणी मागितला, तर मी हरकत घेईन.

अभिलेखपाल

हरकत रास्त आहे. पण मंजूर नकाशाच्या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक स्थळदर्शक नकाशा आणि क्षेत्रफळाचा तक्ता: भूखंड किती, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती, चटई क्षेत्र किती वापरले, रस्ता आणि नाला कोठे. दुसरी, प्रत्येक मजल्याची आतील मांडणी. शेजाऱ्याचा आणि शहराचा संबंध पहिल्या भागाशी असतो. ताईंनी तेवढाच मागावा. काम बांधकाम व्यावसायिकाचे असेल आणि भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि सदनिकाही आठांहून अधिक असतील, तर प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे असते. तेथे मंजूर आराखडा संकेतस्थळावरच पाहायला मिळतो. अर्ज करण्यापूर्वी एकदा तेथे शोधावे.

नंदनवन

असा फरक केला, तर माझी हरकत राहत नाही. धन्यवाद.

सीताबर्डी

कर्मचाऱ्यांच्या माहितीबद्दलही हेच लागू आहे का? आमच्या भागात सफाईला किती जण नेमलेले आहेत आणि प्रत्यक्षात किती येतात, हे पाहण्यासाठी हजेरीपत्रक मागितले, तर ते सेवाविषयक वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले गेले.

महालकर

या नकारामागे बहुधा गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरण असते. त्याची सुरुवात आपल्या विदर्भातलीच आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची सेवेची कागदपत्रे मागितली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ज्ञापने (मेमो), शिक्षेचे आदेश, मालमत्तेची विवरणे ही वैयक्तिक माहिती ठरवली. पुढे १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मात्र गोपनीयता आणि जनहित यांचे प्रत्येक प्रकरणात वजन करायला सांगितले. तुम्हाला कोणा एका सफाई कर्मचाऱ्याची रजा किंवा आजारपण नको आहे. म्हणून नावांऐवजी संख्या मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, या भागासाठी मंजूर पदे किती, रोजची हजेरी किती, ठेकेदाराला देयक किती जणांचे दिले. देयक जनतेच्या पैशातून गेले आहे. हातावर पोट असलेल्या माणसाचे नाव चव्हाट्यावर आणण्याची गरज नाही, देयकावर सही कोणाची आहे ते पाहावे.

नागनदीकाठी

सर्वांची मी ऋणी आहे. पाच आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण काय घडले ते येथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

आधी पंचनाम्यांबद्दलचा दुसरा अर्ज नव्याने लिहिला. आपल्याकडे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा असा नियम आहे, म्हणून मजकूर असा ठेवला: 'अमुक गल्लीतील पंचनामा झालेल्या घरांचे क्रमांक, पंचनाम्याची तारीख, राहणारे मालक की भाडेकरू, मंजूर रक्कम किंवा नामंजुरीचे कारण, एवढी माहिती आधार, बँक खाते, भ्रमणध्वनी क्रमांक व स्वाक्षऱ्या वगळून कलम १० प्रमाणे द्यावी. प्रती देण्यापूर्वी अभिलेखाची पाहणी करू द्यावी.' खाली जनहिताचे एक वाक्य आणि कलम ४(१)(ख) चा उल्लेख. नावे मी मुद्दाम मागितली नाहीत. तिसरा_पक्ष यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला ती नकोशी झाली.

पाहणीसाठी मला सोमवारी दुपारी तीन वाजता बोलावले. जिल्हा स्तरावरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी तीन ते पाच अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाचे नोव्हेंबर २०१८ चे परिपत्रक आहे, त्याची प्रत मी जवळ ठेवली होती. ती काढावी लागली नाही. तेथील लिपिक ताईंनी नोंदवही माझ्यासमोर उघडली आणि एका जुन्या फाइलचा पुठ्ठा उभा कापून केलेली पट्टी नाव आणि खाते क्रमांक यांच्या रकान्यांवर ठेवली. पान उलटले, की त्या पट्टी उचलून पुढच्या पानावर त्याच जागी ठेवत होत्या. बाकीचे सगळे रकाने मला वाचता येत होते. आमच्या घराची ओळ आली, तेव्हा त्यांनी आपणहून पट्टी बाजूला केली आणि म्हणाल्या, 'हे तुमचंच आहे, बघून घ्या.'

आमच्या गल्लीतील अकरा घरांच्या तळमजल्यावर त्या वेळी भाडेकरू राहत होते, हे मला माहीत आहे. नोंदवहीत त्यांपैकी आठ घरांपुढे 'मालक' असे लिहिलेले आहे आणि रक्कम मंजूर आहे. दोन घरांपुढे 'घर बंद' असा शेरा आहे. त्या दोन्ही घरांतली माणसे त्या दिवशी रस्त्यावर ओले गाद्यांचे ढीग वाळत घालत होती, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. मी त्या दहा ओळींच्या प्रती मागितल्या, पानाला २ रुपये भरले आणि पावती घेतली. त्या भाडेकरूंपैकी सहा जण अजून नागपुरातच आहेत. त्यांच्या संमतीने त्यांचे अर्ज आता आम्ही लिहून देत आहोत.

नाल्याच्या अर्जावर प्रथम अपील दाखल केले आहे. महालकर, लेआउटची मंजुरी १९९६ ची निघाली. अपिलात कलम ८(३) पहिल्या क्रमांकावर घातले आहे आणि कलम ७(८) दुसऱ्या. सुनावणी पुढच्या गुरुवारी अकरा वाजता आहे. भिंतीवरच्या रेघेचे छायाचित्र मोजपट्टी लावून काढले आहे. ते अपिलासोबत जोडता येते का, की सुनावणीच्या वेळी दाखवावे, एवढे कृपया सांगा.

महालकर

दोन प्रती काढा. एक आजच आवक कक्षात अपिलाचा क्रमांक लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे ते छायाचित्र अभिलेखाचा भाग होईल. गुरुवारी मी तेथे असेन. साडेदहाला दारापाशी भेटू.